वाळूचा मारा आणि हवेचा हिशेब

बेळगावच्या उद्यमबागेतून सकाळच्या वेळी फेरी मारणाऱ्यास ओतशाळांचा तो परिचित वास आणि यंत्रांची घरघर यांच्या जोडीला आणखी एक आवाज ऐकू येतो. एखाद्या मोठ्या शिट्टीत वाळू भरून ती सतत फुंकत राहावे, तसा तो आवाज असतो. साच्यातून काढलेल्या ओतीव भागांवर चिकटलेली वाळू व खपली जोरदार हवेच्या झोताने झाडून काढण्याचे काम तेथे चाललेले असते. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या टिल्घमन नावाच्या गृहस्थांनी १८७० साली या युक्तीचे पेटंट घेतले. आज आपल्या गावातील कितीतरी लहान शेडमधून तिच्यावर संसार चालतात. या कामासाठी हवा दाबून देणारे यंत्र म्हणजे कंप्रेसर. त्याला शुद्ध मराठीत काय म्हणावे, हा वाद भाषापंडितांवर सोपवून आम्ही येथे रूढ शब्दच वापरणार आहोत.

कौटुंबिक मासिकात यंत्राच्या खरेदीची चर्चा कशाला, असे काही भगिनींना वाटेल. परंतु आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरचे मुलगे, भाचे, जावई लेथवर वा ओतशाळेत उभे राहून स्वतःचा उद्योग उभारू पाहत आहेत. असे यंत्र घेताना पैसा बहुधा घरातूनच जातो, आणि चुकीचे यंत्र आले म्हणजे झळही घरालाच लागते. ही झळ केवळ पैशाची नसते, हे पुढे दिसेलच.

आमच्या परिचयातील एका कुटुंबात असेच घडले. थोरल्या मुलाने नोकरी सोडून ओतीव भाग साफ करून देण्याचे काम धरले. आजींनी आपल्या पाटल्या मोडून दिल्या, उरलेली रक्कम पतपेढीतून उचलली आणि दहा अश्वशक्तीचा कंप्रेसर आणला. पहिल्याच आठवड्यात काम रखडू लागले. झोत सुरुवातीस जोमाने येई आणि मिनिटभरात त्याचा जीव जाई. आम्ही पाहावयास गेलो, तेव्हा तो मुलगा म्हणाला, "काका, टाकी चांगली पाचशे लिटरची आहे हो. विकणाऱ्याने सांगितले होते, एवढ्या टाकीवर काहीही चालेल."

येथेच बहुतेकांची फसगत होते. टाकी हवा साठविते; ती हवा निर्माण करीत नाही. पाचशे लिटरच्या टाकीतील दाब चौरस इंचावर १५० पौंडांवरून ९० पौंडांपर्यंत उतरेतो तिच्यातून बाहेर पडणारी हवा साधारण ७० घनफूट भरते. त्या मुलाने लावलेले नोझल दोन सुतांचे, म्हणजे पाव इंचाचे होते. १०० पौंड दाबावर असे नोझल मिनिटास सुमारे ८० घनफूट हवा खाते. म्हणजे त्या भल्या मोठ्या टाकीतील शिल्लक एका मिनिटाचीही नव्हती. घरातील पाण्याची टाकी कितीही मोठी असली, तरी नळाची धार बारीक आणि खर्चाची तोटी मोठी असेल, तर टाकी रिकामी होणारच. हाच न्याय येथेही लागू आहे.

म्हणून कंप्रेसरची निवड नोझलपासून सुरू करावी, यंत्रापासून नव्हे. १०० पौंड दाबावर एक सुताच्या नोझलला मिनिटास सुमारे २० घनफूट हवा लागते, दीड सुताच्या नोझलला ४५, दोन सुतांच्या नोझलला ८०, आणि तीन सुतांच्या नोझलला दोनशेच्या घरात. भोकाचा व्यास दुप्पट झाला की हवेची भूक चौपट होते, हे ध्यानात ठेवावे. शिवाय कणांच्या माऱ्याने नोझल झिजत असते. दोन सुतांचे नोझल झिजून अडीच सुतांचे झाले, की ८० घनफुटांची मागणी १३० च्या पुढे जाते. ज्याने नेमकी ८० घनफुटांचीच बेगमी केली असेल, त्याचे काम नोझलच्या झिजेबरोबर मंदावत जाते आणि दोष मात्र यंत्रास मिळतो.

दुसरी फसगत आकड्यांची. माहितीपत्रकात पुष्कळदा सिलिंडरच्या मापावरून काढलेले घनफूट छापलेले असतात. प्रत्यक्षात बाहेर मिळणारी हवा पिस्टनच्या यंत्रात त्याहून चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याने कमी भरते. विकणाऱ्यास एकच प्रश्न विचारावा: "१०० पौंड दाबावर प्रत्यक्ष मोकळी हवा किती मिळेल? ते लेखी द्याल का?" स्थूल हिशेब असा, की त्या दाबावर एका अश्वशक्तीमागे सुमारे चार घनफूट हवा मिळते. दहा अश्वशक्तीच्या यंत्राकडून ८० घनफुटांची अपेक्षा करणे म्हणजे एका बैलाकडून दोन बैलांचे ओझे ओढविणे होय. आमच्या त्या कुटुंबाच्या यंत्राची खरी हवा जेमतेम ३५ घनफूट भरत होती.

आता हिशेब मांडून पाहू. दीड सुताच्या नोझलला ४५ घनफूट. कारागिराच्या शिरस्त्राणात श्वासासाठी सोडावयाच्या हवेचे १० घनफूट धरू. बेरीज ५५. झीज व गळती यांसाठी चौथा हिस्सा वाढविला की ती ७० च्या आसपास येते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच असल्याने येथील हवा किंचित विरळ आहे. तिच्यापोटी दहावा हिस्सा आणखी धरावा. एकूण ७५ ते ८० घनफूट, म्हणजे सुमारे वीस अश्वशक्ती. एवढे यंत्र पूर्ण भाराने चालले तर तासाला पंधरा-सोळा युनिट वीज लागते. तेव्हा यंत्राच्या किमतीबरोबर विजेचा मंजूर भार आणि महिन्याचे बिल यांचाही विचार खरेदीपूर्वीच करावा.

पिस्टनचा कंप्रेसर घ्यावा की स्क्रूचा, हा पुढचा प्रश्न. पिस्टनचे यंत्र स्वस्त, दुरुस्तीस सोपे आणि गावच्या मिस्त्रीच्या हातचे असते. परंतु त्यास मधूनमधून विश्रांती लागते. दिवसभर अखंड झोत चालवावयाचा असेल, तर स्क्रूचे यंत्रच टिकते. दिवसातून तास-दोन तासांच्या कामासाठी मात्र त्याचा खर्च अंगावर घेऊ नये. आणि एकाच जातीचे ढीगभर ओतीव भाग साफ करावयाचे असतील, तर वेगाने फिरणाऱ्या चाकाने पोलादी छर्रे फेकणारे यंत्र अधिक परवडते. त्याला झोतासाठी कंप्रेसर लागतच नाही. आपल्या कामाला दाबलेल्या हवेची खरोखर गरज आहे काय, हा प्रश्न म्हणून सर्वांत आधी विचारावा.

यंत्र योग्य घेऊनही नळीने घात केल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. नळीचा आतील व्यास नोझलच्या भोकाच्या तिप्पट-चौपट असावा, तिची लांबी गरजेपुरतीच असावी आणि तिला वळणे कमी असावीत. दाब मोजावा तो नोझलपाशी. टाकीवरील काटा पाहून समाधान मानू नये. नोझलपाशी एक पौंड दाब घटला, की कामाचा वेग सुमारे दीड टक्क्याने घटतो, असा या धंद्यातील ठोकताळा आहे. शंभराचे ऐंशी पौंड झाले, तर जवळजवळ तिसरा हिस्सा काम गेले.

पावसाळ्यात आणखी एक पाहुणा येतो, तो म्हणजे पाणी. हवा दाबली आणि ती थंड झाली, की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. बेळगावच्या आषाढ-श्रावणात मिनिटास ८० घनफूट हवा दाबणाऱ्या यंत्रातून तासाला दोन लिटरांहून अधिक पाणी सुटू शकते. हे पाणी नळीत शिरले, की माऱ्याचे कण गोळा होऊन नोझल तुंबते आणि साफ केलेल्या लोखंडावर संध्याकाळपर्यंत गंज धरतो. म्हणून हवा थंड करणारा कूलर, पाणी वेगळे करणारे भांडे आणि रोज उघडावयाची निचऱ्याची तोटी या गोष्टी यंत्राबरोबरच घ्याव्यात. टाकीचा सुरक्षा-व्हॉल्व्ह चालता असावा आणि टाकीची तपासणी जाणकाराकडून वेळोवेळी करून घ्यावी, हे सांगावयास नकोच.

येथवरचा हिशेब पैशाचा झाला. आता श्वासाचा.

त्या मुलाच्या शेडमध्ये आम्ही गेलो, तेव्हा नदीची वाळू वापरात होती आणि त्याने तोंडाला टॉवेल बांधला होता. त्याच्या भुवयांवर पांढरी धूळ बसली होती. वाळूत सिलिका असते. मारा बसताच कण फुटतात आणि त्यांतील डोळ्यांस न दिसणारे बारीक कण टॉवेलातून सहज आत जाऊन फुप्फुसांत ठाण मांडतात. तेथे व्रण होऊन फुप्फुस हळूहळू ताठर बनते. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. झालेली हानी भरून काढणारे औषध नाही, आणि क्षयरोगालाही त्यामुळे वाट मिळते. इंदूरच्या वाचकांना मंदसौरच्या पाटीवरील पेन्सिलींच्या कारखान्यांतील कामगारांची कहाणी ठाऊक असेल; बडोदेकरांना खंबायतच्या अकीक घासणाऱ्यांची. त्या घरांतील कर्ते पुरुष याच धुळीने गेले. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतीव वस्तूंच्या सफाईसाठी वाळूचा मारा बंद केला. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसची गणना सरकारला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत केली.

तेव्हा वाळू वापरूच नये. पोलादी दाणे, गार्नेट, ॲल्युमिनियम ऑक्साइड, काचेचे मणी असे पर्याय मिळतात. पोलादी दाणे पुन्हा पुन्हा वापरता येत असल्याने पहिला खर्च हळूहळू वसूल होतो. मात्र ओतीव भागांना चिकटलेली साच्याची वाळूही सिलिकाच असते. म्हणून मारा पोलादी दाण्यांचा असला, तरी धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि उघड्यावर काम करणाऱ्यास हवा पुरविणारे शिरस्त्राण यांना पर्याय नाही. त्या शिरस्त्राणातील हवाही स्वच्छ हवी. तेलावर चालणारा कंप्रेसर फार तापला, तर हवेत तेलाची वाफ आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड मिसळू शकतो. त्यासाठी योग्य गाळण्या लावून हवा तपासावी. कंप्रेसरचे हवा ओढणारे तोंड धुळीपासून आणि वाहनांच्या धुरापासून दूर ठेवावे.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे सांगितले पाहिजे. घेतलेले यंत्र परत होणार नव्हते. तेव्हा यंत्राच्या ३५ घनफुटांत बसेल असेच काम शोधावयाचे ठरले. त्याने मोठे भाग घेणे बंद केले आणि एक बंद पेटी बसविली. तिच्यात हातमोज्यांतून हात घालून, काचेतून पाहत, लहान भाग एक सुताच्या झोताने साफ करता येतात. झोताला २० घनफूट लागतात, यंत्राला विसावा मिळतो आणि धूळ पेटीतूनच गाळणीकडे ओढली जाते. वाळूचा ढीग शेडबाहेर गेला. मिळकत आरंभी कमी झाली, हे खरे. पण हप्ते थकले नाहीत.

मध्यंतरी आजी भेटल्या. यंत्राविषयी त्यांनी काहीच विचारले नाही. एवढेच म्हणाल्या, "आता त्याचे कपडे भिजवले की बादलीच्या तळाशी पांढरा गाळ बसत नाही."

आमच्या भगिनींनी एवढे एक पाहावे. घरच्या कर्त्याच्या कपड्यांतून असा गाळ निघत असेल, तर ते कपडे झटकू नयेत, पाण्यात भिजवूनच धुवावेत आणि त्याच संध्याकाळी त्याला शेडमधील धुळीविषयी विचारावे. नोझल किती सुताचे, यंत्राची खरी हवा किती आणि मारा कशाचा, हे तीन प्रश्न घरातूनच विचारले गेले, तर पाटल्या मोडण्यापूर्वीच पुष्कळसा हिशेब नीट लागेल.