एका संगणकाला दोन नेटवर्क पोर्ट: उपयोग, मर्यादा आणि काळजी

बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर संगणकाचे सुटे भाग घ्यायला गेलात, तर काही मदरबोर्डांच्या मागच्या बाजूला एकाऐवजी दोन नेटवर्क पोर्ट दिसतील. असा मदरबोर्ड सहसा महाग असतो. मग पहिला प्रश्न मनात येतो: दोन केबल लावल्या की इंटरनेट दुप्पट वेगाने चालेल का? उत्तर आहे, नाही. मग दुसरा पोर्ट कशासाठी असतो, हे या पाठात पाहू.

मूळ कल्पना

प्रत्येक पोर्टला स्वतःचा ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो आणि स्वतंत्र आयपी पत्ता देता येतो. म्हणजे दोन पोर्ट असलेला संगणक एकाच वेळी दोन वेगळ्या जाळ्यांचा सदस्य होऊ शकतो. कोणते पॅकेट कोणत्या पोर्टातून बाहेर पाठवायचे, हे संगणकातील राउटिंग टेबल ठरवते. ओळखीच्या जाळ्यातले पॅकेट त्या जाळ्याच्या पोर्टातून जाते. बाकी सर्व पॅकेट डीफॉल्ट मार्गाने जातात. असे दोन मार्ग असतील, तर ज्याचा मेट्रिक हा आकडा लहान, तो मार्ग निवडला जातो.

घरातल्या एकाच राउटरला दोन्ही केबल लावल्या, तरी राउटरच्या पुढची लाईन एकच राहते. ती १०० मेगाबिटची असेल, तर मिळणारा वेगही तेवढाच असतो.

उपयोग १: दोन इंटरनेट जोडण्या

समजा, तुम्ही बेंगळुरूत खोली घेऊन राहता आणि उद्या तुमची ऑनलाइन मुलाखत आहे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या दोन पोर्टांना लावल्या आणि मुख्य जोडणीचा मेट्रिक लहान ठेवला, तर ती केबल निघताच संगणक दुसऱ्या मार्गाकडे वळतो.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, रस्त्यावरची फायबर तुटली, तरी संगणक आणि राउटर यांच्यातली केबल शाबूत असते आणि पोर्टचा दिवा चालूच राहतो. त्यामुळे पुढे खंड पडल्याचे संगणकाला आपोआप कळेलच असे नाही. त्यासाठी बाहेरच्या एखाद्या पत्त्याला ठरावीक वेळाने हाक मारून पाहणारी सोय लागते. दोन, मार्ग बदलला की आयपी पत्ताही बदलतो. चालू कॉल तुटून पुन्हा जोडावा लागू शकतो. तीन, बेंगळुरूत अनेक भागांत अशा केबल झाडांवरून आणि खांबांवरून नेलेल्या दिसतात. दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच फांदीवरून येत असतील, तर ती फांदी पडताच दोन्ही जोडण्या जातील. जोडणी घेण्याआधी खिडकीतून वर पाहून घ्या.

उपयोग २: जुन्या संगणकाचा राउटर

एका पोर्टला बाहेरची लाईन आणि दुसऱ्याला घरातला स्विच जोडा. आता घर आणि इंटरनेट यांच्यात ये-जा करणारे प्रत्येक पॅकेट या संगणकातून जाते, म्हणून त्यावर फायरवॉलचे नियम लावता येतात. ओपनसेन्स किंवा ओपनडब्ल्यूआरटी यांसारख्या मुक्त प्रणाली यासाठी वापरतात. दोन जाळ्यांमध्ये उभ्या असलेल्या यंत्राला गेटवे म्हणतात आणि इंटरनेटची उभारणीच अशा यंत्रांवर झाली आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी आणि पाच आयआयटी सहभागी होत्या. अशा वेगवेगळ्या संस्थांची जाळी एकमेकांना जोडायची, तर प्रत्येक ठिकाणी एक पाय आत आणि एक पाय बाहेर असलेले यंत्र लागतेच.

उपयोग ३: खासगी जाळे

दुसऱ्या पोर्टातून थेट फाइल साठवण्याच्या यंत्राला केबल लावा. दोन्ही टोकांना १०.०.०.१ आणि १०.०.०.२ असे पत्ते द्या. मात्र तुमचे घरचे जाळे याच पत्त्यांचे नसावे. या पोर्टवर गेटवेची जागा रिकामी ठेवा, नाहीतर इंटरनेटची पॅकेटही चुकून इकडे वळतील. १ गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. प्रत्यक्षात सुमारे ११० मिळतात. म्हणजे ५० गिगाबाइटच्या फाइलला साडेसात मिनिटे लागतात. दोन्ही टोकांचे पोर्ट २.५ गिगाबिटचे आणि डिस्क तेवढ्या वेगवान असतील, तर हेच काम तीन मिनिटांत होते.

दोन पोर्ट एकत्र करणे

दोन पोर्टांची एकच जोडणी करण्याचे ८०२.३एडी हे मानक २००० साली आले. त्यासाठी स्विचलाही ते मानक समजावे लागते. तरीही एक डाउनलोड एकाच केबलमधून जातो. फायदा दिसतो तो एकाच वेळी अनेक जण त्या संगणकाकडून फाइल घेत असतील तेव्हा. घरात एकट्याने वापरताना तो क्वचितच जाणवतो.

एक धोका

दोन पोर्टांचा ब्रिज करून दोन्ही केबल एकाच स्विचला कधीही लावू नका. आयपी पॅकेटला आयुष्याची मर्यादा असते, इथरनेटच्या फ्रेमला ती नसते. त्यामुळे सर्वांसाठी पाठवलेली एक फ्रेम त्या वर्तुळात फिरतच राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि एका खोलीतल्या चुकीने अख्ख्या वसतिगृहाचे नेट बंद पडू शकते. अशी वर्तुळे ओळखून तोडणारी स्पॅनिंग ट्री ही पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडली. पण साध्या, स्वस्त स्विचमध्ये ती बहुधा नसते.

सारांश

दुसरा पोर्ट वेग वाढवण्यासाठी नाही, दुसऱ्या जाळ्यात शिरण्यासाठी आहे. तुमच्याकडे जोडण्यासारखे दुसरे जाळे नसेल, तर जास्त पैसे देऊ नका. पुढे गरज पडलीच, तर यूएसबीला लावायचा इथरनेट अडॅप्टर हेच काम करतो.

स्वाध्याय

१. एकाच राउटरला दोन केबल लावूनही इंटरनेटचा वेग का वाढत नाही?
२. पोर्टचा दिवा चालू असूनही इंटरनेट बंद कसे असू शकते?
३. तुमच्या संगणकाचे राउटिंग टेबल उघडा आणि डीफॉल्ट मार्ग कोणत्या पोर्टातून जातो ते शोधा.