क्रमांकाचा माणूस

भविष्याचे भयचित्र रंगविणाऱ्या तीन कादंबऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचाव्यात. रशियन लेखक झाम्यातिन याच्या ‘आम्ही’मध्ये (इंग्रजी अनुवाद १९२४) माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. हक्स्लीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये (१९३२) माणूस बाटलीत घडविला जातो, जन्माआधीच त्याची पायरी ठरते आणि झोपेत पढवून त्याला तीच प्रिय केली जाते. ऑर्वेलच्या ‘१९८४’मध्ये (१९४९) भिंतीवरचा पडदा माणसावर पाळत ठेवतो.

युरोपीय वाचकाला हे उद्याचे संकट वाटले. आपल्याला हक्स्लीच्या पायऱ्या ओळखीच्या वाटतात. जन्माने ठरलेले काम आणि त्यातच समाधान मानण्याची शिकवण गावगाड्याने यंत्रावाचून राबविली. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच मांडले. तेव्हा रोगाचे मूळ यंत्रात नाही, मुकाट्याने मान्य करण्याच्या सवयीत आहे. यंत्र त्या सवयीला बळ देते.

याचा पडताळा खानदेशातच घेता येईल. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. बारा अंकी क्रमांकासाठी दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही बुबुळे नोंदली जातात. जात नोंदली जात नाही. ज्याच्याजवळ कागदच नव्हता त्याला ओळख मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण राबून झिजलेली बोटे रेशन दुकानातील यंत्राने ओळखली नाहीत, तर समोर उभा असलेला माणूस खोटा ठरतो आणि यंत्र खरे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०१८ साली सरकारी लाभांसाठी आधारची अट बहुमताने वैध ठरविली. म्हणजे दुकानाच्या दारातला प्रश्न उरतोच.

झाम्यातिनचा नायक राज्याची स्तुती लिहावयास बसतो आणि लिहिता लिहिता शंका घेऊ लागतो. ऑर्वेलचा नायक चोरून रोजनिशी लिहितो. दोघेही एकाकी असतात आणि दोघेही हरतात. दलित आत्मकथनांनी लिहिणाऱ्याचे एकाकीपण मोडले. एकाने लिहिले ते वस्तीने आपले म्हणून वाचले. कार्यकर्त्यांनीही हेच करावे. यंत्राने नाकारलेल्या प्रत्येक माणसाचे नाव, तारीख आणि नाकारलेले धान्य वहीत लिहून ठेवावे, आणि ती वही घेऊन सर्वांनी मिळून तहसील कचेरीत जावे.