पश्चात्ताप (ख्रिस्ती धर्म)

पश्चात्ताप ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत संकल्पना आहे. स्वतःचे पाप ओळखणे, त्याबद्दल मनापासून दुःख होणे, ते सोडून देवाकडे परत वळणे आणि त्यानुसार आचरण बदलणे, या चार गोष्टींचा तीत समावेश होतो. मार्ककृत शुभवर्तमानानुसार (१:१५) येशूच्या उपदेशाचा आरंभच पश्चात्तापाच्या हाकेने होतो. याच्या उलट अवस्थेला बायबलमध्ये ‘अंतःकरण कठीण होणे’ असे म्हटले आहे. पाप घडणे आणि अंतःकरण कठीण होणे या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. पहिली प्रत्येक माणसाच्या बाबतीत घडते. दुसरीत चूक दाखवून देणारा आवाज ऐकण्याची क्षमताच हळूहळू नष्ट होते.

शब्दार्थ

मराठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द संस्कृतातील ‘पश्चात्’ (नंतर) आणि ‘ताप’ (तळमळ) यांपासून बनला आहे. त्यामुळे त्यात कृत्यानंतर होणाऱ्या दुःखावर भर येतो. हिब्रू बायबलमध्ये या अर्थाने येणारे ‘शूब’ हे क्रियापद मुळात ‘परत फिरणे’ या साध्या अर्थाचे आहे. चुकलेल्या वाटेने जाणारा माणूस मागे वळतो, हे चित्र त्यामागे आहे. नव्या करारातील ग्रीक ‘मेटानोइया’ या शब्दाचा अर्थ ‘मन बदलणे’ असा होतो. म्हणजे मूळ भाषांमध्ये दुःखापेक्षा दिशाबदलाला अधिक महत्त्व आहे. केवळ खंत वाटणे यासाठी ग्रीकमध्ये ‘मेटामेलोमाय’ हे वेगळे क्रियापद असून यहूदा इस्कर्योत याच्या संदर्भात (मत्तय २७:३) तेच वापरले आहे.

मराठी संतसाहित्यात याच्या जवळचा ‘अनुताप’ हा शब्द रूढ आहे. संत एकनाथांच्या लेखनात अनुतापाला परमार्थाच्या वाटेवर महत्त्वाचे स्थान आहे. ‘प्रायश्चित्त’ हा शब्द मात्र पापक्षालनासाठी करावयाच्या विधीचा किंवा कृतीचा निदर्शक आहे.

खरा पश्चात्ताप आणि केवळ खंत

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (७:९-१०) पौल दोन प्रकारच्या दुःखांत फरक करतो. देवाच्या इच्छेनुसार होणारे दुःख माणसाला पश्चात्तापाकडे नेते, तर जगिक दुःख त्याला मरणाकडे नेते. बायबलमधील काही व्यक्तींच्या जोड्यांवरून हा भेद समजावला जातो.

शौल आणि दावीद या दोन्ही राजांनी संदेष्ट्यांसमोर ‘मी पाप केले’ अशी कबुली दिली. मात्र शौलाने त्याच वेळी वडीलजनांसमोर आपला मान राखावा, अशी विनंती शमुवेलाला केली (१ शमुवेल १५:३०). दावीदाने नाथान संदेष्ट्याने ठेवलेला दोष कोणतीही सबब न सांगता मान्य केला (२ शमुवेल १२:१३). स्तोत्र ५१ परंपरेने याच प्रसंगाशी जोडले जाते. एकाला पापापेक्षा अपकीर्तीचे दुःख अधिक होते, असा अर्थ भाष्यकार काढतात.

पेत्र आणि यहूदा यांची जोडीही अशीच आहे. एकाने येशूला नाकारले, दुसऱ्याने त्याला धरून दिले आणि दोघांनाही तीव्र दुःख झाले. पेत्र येशूकडे परतला; यहूदाने निराशेत स्वतःचा अंत केला. त्यामुळे निराशा ही पश्चात्तापाची पराकाष्ठा नसून त्यापासून दूर नेणारी वाट आहे, अशी शिकवण दिली जाते.

खऱ्या पश्चात्तापाचे बाह्य लक्षण म्हणजे आचरणातील बदल. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने पश्चात्तापास शोभेल असे फळ मागितले (मत्तय ३:८). जकातदारांचा मुख्य जक्कय याने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे ठरवले (लूक १९:८). ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई, हा घटक यातून अधोरेखित होतो.

अंतःकरण कठीण होणे

या विषयाचे सर्वांत विस्तृत उदाहरण निर्गमच्या पुस्तकातील फारो राजाचे आहे. गारांच्या पीडेच्या वेळी फारो आपण पाप केल्याचे मान्य करतो (९:२७). परंतु गारा थांबताच तो पुन्हा आपले मन कठीण करतो (९:३४). संकट असेपर्यंत टिकणारी आणि संकटासोबत ओसरणारी कबुली, असे तिचे स्वरूप आहे.

फारोचे मन कोणी कठीण केले, हा जुना वादाचा प्रश्न आहे. काही वचनांत फारो स्वतः मन कठीण करतो, तर काहींत देव ते करतो. देव तसे करील, हे आधीच सांगितलेले असले (४:२१), तरी पीडांच्या वर्णनात देवाने प्रत्यक्ष तसे केल्याचा पहिला उल्लेख सहाव्या पीडेच्या वेळी येतो (९:१२). यावरून अनेक भाष्यकार असे मानतात की माणसाने वारंवार केलेल्या निवडीवर देव अखेर शिक्कामोर्तब करतो. जॉन कॅल्व्हिनच्या परंपरेत मात्र देवाच्या सार्वभौम इच्छेला प्राधान्य दिले जाते.

इब्री लोकांस पत्रात (३:७-१३) स्तोत्र ९५ चा आधार घेऊन वाचकांना ‘आज’च मन वळवण्याचा आग्रह केला आहे. पापाच्या फसवणुकीने मन कठीण होते आणि त्यावर उपाय म्हणून विश्वासीयांनी एकमेकांना दररोज बोध करावा, असे तेथे सुचवले आहे. ही प्रक्रिया एकदम घडत नाही. टाळाटाळ, सबबी आणि सवय यांतून ती वाढते. तरीही ती अटळ मानलेली नाही: यहेज्केल संदेष्टा (३६:२६) पाषाणाच्या हृदयाऐवजी मांसाचे हृदय मिळण्याचे अभिवचन सांगतो.

ऐतिहासिक विकास

इ.स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियसच्या छळात अनेकांनी विश्वास नाकारला. त्यांना पुन्हा मंडळीत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद झाला. नोव्हेशियनच्या अनुयायांनी त्यास नकार दिला. बहुसंख्य मंडळीने पश्चात्तापानंतर पुनर्प्रवेश मान्य केला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन आवश्यक ठरवले. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने आपल्या ९५ प्रबंधांच्या आरंभीच विश्वासीयाचे संपूर्ण जीवन पश्चात्तापाचे असावे, असे प्रतिपादन केले. १५५१ मध्ये ट्रेंट परिषदेने मनस्ताप, पापनिवेदन आणि भरपाई ही पश्चात्तापी व्यक्तीची तीन कर्तव्ये सांगितली.

महाराष्ट्रातील संदर्भ

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारणे आणि प्रत्यक्ष ख्रिस्त सापडणे यांत भेद केला. दुसरा अनुभव त्यांना काही वर्षांनी आला. धर्ममत स्वीकारल्याने मन आपोआप बदलत नाही, या मुद्द्याचे हे मराठी ख्रिस्ती परंपरेतील ठळक उदाहरण आहे. १९०५ मध्ये त्यांच्या केडगाव (जि. पुणे) येथील मुक्ती मिशनमध्ये धार्मिक पुनरुज्जीवन घडले. तेथील मुली व स्त्रिया रडून आपल्या पापांची कबुली देत आणि दीर्घकाळ प्रार्थना करीत. या भावनोद्रेकावर टीकाही झाली. नंतर मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत धर्मप्रचारासाठी गेल्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

मराठवाड्यातील नांदेड व लातूर हे जिल्हे १९७७ मध्ये स्थापन झालेल्या रोमन कॅथोलिक औरंगाबाद धर्मप्रांताच्या क्षेत्रात येतात. या विभागात प्रोटेस्टंट मंडळ्याही आहेत. कॅथोलिक परंपरेत व्यक्ती धर्मगुरूसमोर पापनिवेदन करते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ त्यासाठी विशेष मानला जातो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनापूर्वीचे आत्मपरीक्षण आणि सामुदायिक पापकबुली यांवर भर असतो. दुखावलेल्या व्यक्तीशी समेट केल्याशिवाय अर्पण पूर्ण होत नाही, ही मत्तयातील शिकवण (५:२३-२४) दोन्ही परंपरांना मान्य आहे.

हे सुद्धा पाहा

- पंडिता रमाबाई
- उधळ्या पुत्राचा दाखला
- पापनिवेदन
- अनुताप