सांगितलं तर कळेल ना!

जर्मनीतल्या ग्योटिंगेनला एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंज स्टुडंट म्हणून निघाले, तेव्हा घरच्यांना माझ्या खाण्यापिण्याची काळजी होती आणि मला जर्मन व्याकरणाची. 'डेअर, डी, डास' चुकलं तर काय! प्रत्यक्षात या दोन्हींवाचून काही अडलं नाही. अडलं ते भलतीकडेच.

तसं ग्योटिंगेन पुणेकरांना अगदी परकं नाही. आपल्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न १८८२ मध्ये तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापक झाले. गावात सायकली उदंड. चौकात हंस राखणाऱ्या मुलीचा पुतळा आहे. डॉक्टरेट मिळाली की पुतळ्यापर्यंत चढून तिची पापी घ्यायची, अशी तिथली गमतीशीर पद्धत. मी तर पहिल्या दिवशीच गावाच्या प्रेमात पडले.

हॉस्टेलमध्ये आम्हा पाच जणांत एक स्वयंपाकघर, एक बाथरूम. फ्रिजमध्ये प्रत्येकाला एक कप्पा. आणि भिंतीवर एक कागद, त्याचं नाव 'पुट्झप्लान'. म्हणजे साफसफाईचं वेळापत्रक. या आठवड्यात ओटा कुणाचा, संडास-बाथरूम कुणाचं, कचरा कुणाचा, सगळं नावानिशी. कचरा म्हणजे तरी साधं काम? कागद वेगळा, ओला वेगळा, पॅकिंगचा वेगळा. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे रस्त्यावरच्या डब्यांत टाकायच्या, पण रविवारी नाही, आवाज होतो म्हणून! पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये परत केल्या की बाटलीमागे २५ सेंट परत. ते मात्र मी लगेच शिकले.

पहिल्याच आठवड्यात बघते तर काय, आमचा सहा फुटी फिजिक्सवाला गाणं गुणगुणत संडास घासतोय. मलाच कसंतरी झालं. म्हटलं, "मी करू का?" तो म्हणाला, "का? या आठवड्यात माझं नाव आहे." विषय संपला! माझ्या भावाने आयुष्यात कधी हातात ब्रश धरला नाही. आणि खरं सांगायचं तर मी तरी कुठे धरला होता? आमच्याकडे मावशी येतात ना!

माझी पाळी आली तेव्हा मी आपलं वरवर पाणी मारलं. समोरच्या खोलीतली मेडिकलवाली सरळ येऊन म्हणाली, "बेसिनच्या कडा राहिल्यात." मी खोलीत जाऊन रडले. आणि संध्याकाळी तीच बया दारात उभी, "पास्ता केलाय, येतेस?" काही घडलंच नाही अशा थाटात! ती बेसिनबद्दल बोलली होती, माझ्याबद्दल नाही. हे कळायला मला चांगला महिना लागला.

मग नोव्हेंबर आला. साडेचारला अंधार. रविवारी दुकानं कायद्यानेच बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशातच मला सणकून ताप भरला. दोन दिवस खोलीत पडून होते. प्रत्येक पावलाला वाटायचं, आता दार वाजेल. आपल्याकडे तीन शिंका आल्या की शेजारच्या काकू काढा घेऊन हजर! इथे कुणी नाही. किती माणूसघाणे लोक, असं मनात शंभरदा म्हणून झालं.

तिसऱ्या दिवशी कशीबशी पाणी घ्यायला उठले. मेडिकलवाली म्हणाली, "दिसली नाहीस, गावाला गेली होतीस का?" माझा बांधच फुटला. "दोन दिवस तापाने फणफणलेय, कुणी विचारलंसुद्धा नाही!" ती अवाक. "अगं, तुझं दार बंद होतं. आम्हाला वाटलं, तुला शांतता हवीय. तू सांगितलं का नाहीस?"

पुढच्या तासाभरात सूप आलं, थाइमचा चहा आला. दवाखाने बंद असताना डॉक्टरसाठी ११६११७ हा नंबर असतो, तो तिनेच फिरवला. फिजिक्सवाल्याने पुट्झप्लानवरचं माझं नाव खोडून स्वतःचं लिहिलं. आपल्याकडे बंद दार म्हणजे 'काय झालं गं?' तिथे बंद दार म्हणजे 'त्रास देऊ नका.' माणसं वाईट नव्हती, दाराचा अर्थ वेगळा होता.

म्हणजे तिकडचं सगळं चांगलं, असं नाही हं. न सांगता कुणीतरी विचारावं, ही भूक काही गेली नाही. आईचा रोजचा व्हिडिओ कॉल आणि त्यातला 'जेवलीस का?' हाच मोठा आधार होता.

फेब्रुवारीअखेर परत आले. चौथ्या-पाचव्या दिवशी पाहिलं, आई कुकर डाव्या हाताने उचलतेय.

"आई, उजव्या हाताला काय झालंय?"

"खांदा धरलाय जरा. झाले तीन महिने."

"मला बोलली नाहीस?"

"तुला कशाला तिकडे घोर? आणि सांगायचं काय त्यात?"

तीन महिने! रोज फोनवर होते मी. 'मला कुणी विचारलं नाही' म्हणून रडणाऱ्या मी एकदा तरी विचारलं होतं का, 'आई, तू कशी आहेस?' बाबा तर घरातच होते. ते म्हणाले, "सांगायचं नाही का?" आई म्हणाली, "दिसत नाही का?" आमच्या घरातलं हे तीस वर्षांचं जुनं भांडण. दोघांचंही खरं, म्हणून ते कधी मिटत नाही.

त्याच रात्री मी फ्रिजवर कागद चिकटवला. कुकर आणि भाजी बाबा, बाथरूम भाऊ, केर-कचरा मी. मावशींचं काम तेवढंच ठेवलं, आईचं अर्धं केलं. "हे काय जर्मन खूळ!" भाऊ करवादला. खरी अडचण त्याची नव्हतीच. आई पहाटे उठून गुपचूप त्याचं बाथरूम घासून ठेवायची! फिजिओथेरपिस्टने दम भरला, तेव्हा कुठे थांबली.

परवाच्या रविवारी मात्र गंमत झाली. आई बाहेर आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आज माझा खांदा दुखतोय. मी पोळ्या करणार नाही."

घरात क्षणभर शांतता. मग बाबा उठले, चपला घातल्या आणि पाव आणायला गेले.