नमुना कुठे मोडतो? हातच्याला विचारा!

परवा मामेबहिणीचा मेसेज आला. तिची एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. प्रश्न असा: ओळीने वीस ९ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग केला, तर उत्तरातल्या अंकांची बेरीज किती? खाली लिहिलेलं, "दादा, हा गुणाकार खरंच करायचा का?"

अजिबात नाही. इथे मोठी संख्या फक्त घाबरवायला असते. आधी लहान उदाहरणं करून बघा:

९ चा वर्ग ८१, बेरीज ९
९९ चा वर्ग ९८०१, बेरीज १८
९९९ चा वर्ग ९९८००१, बेरीज २७

जितके ९, त्याच्या नऊपट. म्हणून वीस ९ असतील तर १८०. बरोबर!

आता हे बघा:

११ चा वर्ग १२१, बेरीज ४
१११ चा वर्ग १२३२१, बेरीज ९
११११ चा वर्ग १२३४३२१, बेरीज १६

मग दहा १ असतील तर १००? बारावीनंतर एका सराव चाचणीत मी अगदी आत्मविश्वासाने १०० वर खूण केली होती. चुकलं. उत्तर आहे ८२. नवाने भागून पडताळा घेतला असता, तरी चूक सापडली नसती. १०० काय आणि ८२ काय, बाकी १ च.

मग बिघडलं कुठे? शाळेतल्यासारखा उभा गुणाकार मांडा. १ च्या ओळी एकेक घर सरकत जातात आणि उभ्या रकान्यांत १, २, ३ असे चढत, मग उतरत एकक जमतात. नऊ १ पर्यंत कुठल्याच रकान्यात ९ पेक्षा जास्त होत नाही. दहा १ झाले की मधल्या रकान्यात १० येतात. खाली ०, हातचा १. शेजारच्या ९ मध्ये तो मिळवला की पुन्हा १०, पुन्हा हातचा. त्यापुढे ८ चे ९ होतात आणि गाडी थांबते. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. प्रत्येक हातच्यात एका घरातून १० जातात आणि पुढच्या घरात १ येतो, म्हणजे बेरीज ९ ने घटते. हातचे दोन, म्हणून १०० − १८ = ८२.

मग ९ वाला नमुना का टिकला? ९९९ चा वर्ग म्हणजे ९९९००० − ९९९. कितीही ९ घ्या, उत्तराचा साचा तोच: एक कमी इतके ९, मग ८, तितकीच शून्यं, शेवटी १. त्या ८ आणि १ चा मिळून आणखी एक ९ होतो. इथे नुसता नमुना नाही, कारणही हातात आहे.

हा प्रकार फक्त परीक्षेपुरता नाही बरं का. मूळ संख्यांच्या अंकांची बेरीज सम आणि विषम साधारण सारख्याच वेळा येते का? गेलफॉन्ड या रशियन गणितज्ञाने १९६० च्या दशकात या प्रकारचा प्रश्न मांडला. मोदुई आणि रिव्हा या फ्रेंच गणितज्ञांची सिद्धता प्रसिद्ध झाली २०१० मध्ये: हो, संख्या मोठ्या होत जातील तसं प्रमाण निम्म्या-निम्म्याकडे जातं. त्या सिद्धतेतही हातचे किती घरं पुढे पसरतात, हे आवरणं महत्त्वाचं होतं.

तेव्हा परीक्षेत तीन लहान उदाहरणं जरूर करा. पण खूण करण्याआधी दहा सेकंद थांबून एवढं विचारा: मोठ्या संख्येत नवीन हातचा येणार आहे का?