घराच्या अंतर्भागातील अपारंपरिक रंग आणि प्रकाशयोजना : तीन निवासस्थानांच्या आधारे एक विवेचन

सारांश : घराच्या भिंतींसाठी गडद अथवा असामान्य रंग निवडणे ही सामान्यतः वैयक्तिक हौसेची बाब मानली जाते. तथापि भिंतीवर दिसणारा रंग हा लेप आणि त्यावर पडणारा प्रकाश या दोहोंच्या संयोगातून सिद्ध होत असतो. लंडन, जिव्हेर्नी आणि मेक्सिको शहर येथील तीन प्रसिद्ध निवासस्थानांच्या आधारे हा संयोग प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्यात आला असून महाराष्ट्र व गोव्यातील निवासाच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : अंतर्गत सजावट, परावर्तनक्षमता, रंगतापमान, वर्णविरोध, एल.ई.डी. दिवे.

१. प्रस्तावना

शहरी सदनिकांमध्ये पांढऱ्या अथवा फिकट पिवळसर छटेला जणू निरपवाद मान्यता मिळालेली आहे. बांधकाम व्यावसायिक तोच रंग देतात, घरमालक भाडेकरूकडून त्याचीच अपेक्षा ठेवतात आणि घर विकावयाचे झाल्यास तोच सोयीचा ठरतो. या चाकोरीबाहेर जाऊन एखाद्याने गडद निळी बैठकीची खोली किंवा शेंदरी जिना पसंत केला, तर त्यास विक्षिप्तपणा म्हटले जाते. असे प्रयोग अनेकदा फसतात हेही खरे. दुकानातील नमुनापत्रिकेवर मोहक वाटलेला रंग भिंतीवर अंगावर आल्यासारखा वाटतो, किंवा दिवसा प्रसन्न दिसणारी खोली रात्री मलूल होते. दोष मात्र रंगाच्या माथी मारला जातो आणि पुढील वेळी पुन्हा पांढरा रंग निवडला जातो. या अपयशाचे मूळ बहुधा रंगात नसून प्रकाशाचा विचार न करता रंग निवडण्यात असते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. रंग आणि प्रकाश यांचा संबंध

कोणताही पृष्ठभाग स्वतःचा रंग निर्माण करीत नाही. त्यावर पडणाऱ्या प्रकाशातील काही तरंगलांबी तो शोषून घेतो आणि उरलेल्या परावर्तित करतो. जी तरंगलांबी दिव्याच्या प्रकाशात मुळातच नाही, ती भिंत परत देऊ शकत नाही. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश जवळजवळ संपूर्णतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो. त्यामुळे अशा दिव्याखाली लाल, निळा, हिरवा हे सर्व रंग पिवळ्या व काळ्या छटांमध्ये विरून जातात.

खोलीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. पहिली गोष्ट प्रकाशाच्या प्रमाणाची. खोलीतील प्रकाश भिंतींवर पुनःपुन्हा आदळत असतो. सर्व पृष्ठभागांची सरासरी परावर्तनक्षमता ८० टक्के असेल, तर या पुनरावर्तनामुळे एकूण प्रकाश मूळ प्रकाशाच्या सुमारे ५ पट होतो. ती ५० टक्के असेल तर केवळ २ पट होतो. हे गणित आदर्श बंदिस्त पोकळीचे असले तरी दिशा स्पष्ट करते. फिकट भिंती गडद केल्या की तोच दिवा निम्म्याहून कमी उजेड देतो.

दुसरी गोष्ट रंगाच्या तीव्रतेची. समजा, एखादी पिवळी भिंत पिवळा प्रकाश ८० टक्के व निळा प्रकाश ४० टक्के परावर्तित करते. पहिल्या परावर्तनानंतर दोहोंचे प्रमाण २ : १ असते. तोच प्रकाश समोरच्या पिवळ्या भिंतीवरून परतला की ते ४ : १ होते. म्हणजेच चारही भिंती एकाच रंगाच्या असल्यास तो रंग नमुनापत्रिकेपेक्षा अधिक गडद व उग्र भासतो. ग्राहकाची फसगत बहुधा येथेच होते.

मानवी डोळ्याचा वाटाही लक्षात घ्यावा लागतो. मंद उजेडात लाल रंग काळवंडतो आणि निळा तुलनेने उजळ दिसतो. एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने नोंदविलेला हा परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. दिवसा तेजस्वी वाटणारी लाल भिंत संध्याकाळी दिवा लावण्यापूर्वी काळीशार का भासते, याचे उत्तर त्यात सापडते.

३. सर जॉन सोन यांचे घर, लंडन

बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतीचे वास्तुविशारद सर जॉन सोन (१७५३–१८३७) यांनी लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स येथील शेजारशेजारची तीन घरे टप्प्याटप्प्याने घेऊन त्यांची पुनर्रचना केली. ते घर आहे तसे जतन व्हावे यासाठी त्यांनी १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेकडून खास अधिनियम संमत करून घेतला. आज तेथे संग्रहालय आहे.

लंडन ५१ अंशांहून अधिक उत्तर अक्षांशावर असल्याने तेथील हिवाळी दिवस आखूड व आकाश बहुधा अभ्राच्छादित असते. अशा ठिकाणी सोन यांनी ग्रंथालय व भोजनकक्षाच्या भिंतींना पॉम्पेई येथील अवशेषांची आठवण देणारा गडद लाल रंग दिला. केवळ रंगापुरते पाहिले, तर हा निर्णय खोलीला अंधाऱ्या कोठडीचे रूप देणारा ठरला असता. परंतु खोलीचा दर्शनी भाग दक्षिणेकडे असून, ग्रंथांच्या कपाटांवर व इतरत्र बसविलेले आरसे गडद भिंतींनी गिळलेल्या उजेडाची भरपाई करतात. न्याहारीच्या लहानशा खोलीत तर घुमटाकार छतावर व अन्यत्र शंभराहून अधिक बहिर्गोल आरसे आहेत, आणि छताच्या कडेला दडविलेल्या झरोक्यांतून भिंतींवर उजेड उतरतो. उजेड जाणवतो, त्याचा उगम मात्र चटकन दिसत नाही.

छतावरील अनेक झरोक्यांना सोन यांनी पिवळी काच बसविली. लंडनच्या करड्या उजेडाला भूमध्य सागरी प्रदेशातील उन्हाची ऊब देणे हा त्यामागील हेतू होता. येथे भिंतीला रंग देण्याऐवजी प्रकाशालाच रंग दिलेला आहे, ही बाब विशेष लक्षणीय होय. दिवाळीतील आकाशकंदील ज्या तत्त्वावर उजळतो, तेच तत्त्व येथे वास्तूच्या परिमाणात वापरलेले दिसते.

४. क्लोद मोने यांचे घर, जिव्हेर्नी

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८८३ मध्ये जिव्हेर्नी या गावी राहावयास गेले आणि १९२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या भोजनकक्षात भिंती, दारे व कपाटे पिवळ्याच्या दोन छटांत रंगविलेली असून भिंतींवर जपानी ठसाचित्रे लावलेली आहेत. त्याला लागूनच असलेल्या स्वयंपाकघरात निळ्या-पांढऱ्या फरशांचे प्राबल्य आहे. उघड्या दारातून पिवळ्या खोलीतून निळी खोली दिसते आणि दोन्ही रंग एकमेकांमुळे अधिक खुलतात.

या परिणामाचे शास्त्रीय विवेचन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी १८३९ च्या ग्रंथात केले होते. गोबेलँ येथील विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असताना त्यांच्याकडे काळा रंग फिका उतरत असल्याच्या तक्रारी आल्या. तपासाअंती त्यांना आढळले की, दोष रंगात नसून त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांत आहे. शेजारचे दोन रंग डोळ्याला परस्परांपासून दूर ढकलल्यासारखे दिसतात. यास समकालिक वर्णविरोध म्हणतात. मोने यांची पिवळी खोली टिकाव धरते ती या विरोधामुळे. डोळ्याला निळ्यात विसावा मिळतो व परतल्यावर पिवळा पुन्हा ताजा वाटतो.

५. लुईस बारागान यांची घरे, मेक्सिको शहर

मेक्सिकन वास्तुविशारद लुईस बारागान यांनी १९४८ मध्ये मेक्सिको शहराच्या ताकुबाया भागात स्वतःचे निवासस्थान व कार्यालय बांधले. १९८० मध्ये त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळाले आणि २००४ मध्ये या घराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मराठी वाचकाच्या दृष्टीने या घराचे विशेष महत्त्व असे की, मेक्सिको शहर आणि मुंबई ही दोन्ही सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. वर्षातून दोनदा सूर्य दोन्ही शहरांच्या माथ्यावरून जातो. फरक आहे तो हवेचा : मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, तर मुंबई समुद्रकाठी व दमट हवेत वसलेली आहे.

प्रखर उन्हाच्या प्रदेशात प्रश्न उजेड वाढविण्याचा नसून तो वळविण्याचा व मवाळ करण्याचा असतो. बारागान यांनी मोठ्या खिडक्यांऐवजी मोजके झोत वापरले. जिन्याच्या वळणावर मातियास गेरिट्झ यांचा सोनेरी फलक असून वरून येणारा उजेड त्यावरून उबदार होऊन परततो. १९७० च्या दशकात त्यांनी बांधलेल्या खिलार्दी निवासात अरुंद मार्गिकेच्या भिंतीतील उभ्या फटींतून पिवळा प्रकाश येतो आणि मार्गिकेच्या शेवटी निळ्या भिंतींचा व लाल स्तंभाचा जलकुंड-कक्ष दिसतो. मात्र त्यांच्या घरांत बहुतांश पृष्ठभाग पांढरे अथवा नैसर्गिक पोताचे असतात. रंगीत भिंत एखादीच आणि तीही ऊन पडेल अशा जागी असते. उग्र रंगांची ख्याती मिळविलेल्या या वास्तुविशारदाचा रंगाच्या बाबतीतील संयम सहसा दुर्लक्षित राहतो.

६. महाराष्ट्र व गोव्याचा संदर्भ

रंग व प्रकाश यांचे हे भान आपल्याकडे अपरिचित नव्हते. चुन्याच्या सफेदीत किंचित नीळ मिसळण्याची प्रथा चुन्यातील पिवळसरपणा झाकण्यासाठीच होती. कोकणातील कौलारू घरांत अंधाऱ्या माजघरावर बसविलेले काचेचे कौल म्हणजे छतातील झरोकाच होय. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असत. त्यांतून येणारा दुधी, विखुरलेला उजेड निळ्या, गेरूच्या व पिवळ्या भिंतींना साजेसा ठरे. पणजीच्या फोंतेन्यश भागात ही रंगपरंपरा आजही पाहावयास मिळते.

सद्यःस्थितीत मात्र दोन गोष्टी बदलल्या आहेत. सदनिकेतील खोलीस बहुधा एकाच बाजूने उजेड मिळतो. शिवाय पावसाळ्यातील चार महिने तो करडा व विखुरलेला असतो. एप्रिलमधील उन्हात निवडलेला रंग जुलैमध्ये निराळा भासणे त्यामुळे अटळ ठरते. दुसरा बदल दिव्यांचा. तारेच्या जुन्या बल्बचे रंगतापमान सुमारे २,७०० केल्विन होते आणि त्याच्या वर्णपटात खंड नव्हता. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेखाली देशात ३६ कोटींहून अधिक एल.ई.डी. दिवे वितरित झाले. विजेची मोठी बचत झाली. परंतु घराघरांत ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश रूढ झाला. या प्रकाशात शेंदरी, गेरू व लाल भिंती निस्तेज दिसतात. दिव्याच्या वेष्टनावरील वर्णदर्शन निर्देशांक ८० असला तरी तो आठ मध्यम छटांवरून काढलेला असतो. गडद लाल रंग कसा दिसेल, याची हमी त्यात नसते.

७. आरोग्य व सुरक्षितता

अनोख्या रंगांचा इतिहास निर्धोक नाही. सोन यांच्या दिवाणखान्यात वापरलेला ‘पेटंट यलो’ हा शिसेयुक्त होता, तर एकोणिसाव्या शतकातील युरोपीय घरांतील लोकप्रिय हिरवे भिंतकागद आर्सेनिकयुक्त होते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० भाग प्रति दशलक्ष इतके मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीचे तैलरंग, विशेषतः उजळ पिवळे व लाल, आजही अनेक घरांच्या दारांवर व जाळ्यांवर आहेत. नवा रंग देताना ते कोरडे घासल्यास उडणारी धूळ लहान मुलांना घातक ठरू शकते. म्हणून पृष्ठभाग ओला करूनच घासणे आणि मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवणे आवश्यक होय.

वृद्धांचा विचारही अगत्याचा आहे. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते. साठीतील व्यक्तीच्या दृष्टिपटलावर विशीतील व्यक्तीच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. गडद जिना व मंद दिवा ही रचना तरुणास रम्य, तर ज्येष्ठास धोक्याची ठरते. तसेच रात्री झोपण्यापूर्वी प्रखर निळसर प्रकाश झोपेच्या लयीत व्यत्यय आणतो.

याउलट, विशिष्ट रंगामुळे मन शांत होते यांसारखे दावे सावधपणे घ्यावेत. १९७९ मध्ये सिएटल येथील नौदलाच्या बंदिगृहात गुलाबी कोठडीने कैदी शांत होतात असे मानले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील तुरुंगाच्या अभ्यासात मात्र तसा परिणाम आढळला नाही.

८. समारोप

तिन्ही घरांतील रंग परस्परांपासून भिन्न असले तरी कार्यपद्धती समान आहे. सोन यांनी गडद रंगाबरोबर आरसे व झरोके योजिले, मोने यांनी एका रंगाला दुसऱ्याचा विसावा दिला आणि बारागान यांनी रंगाची जागा उन्हाच्या वाटेवरून ठरविली. रंग व प्रकाश हे त्यांच्या दृष्टीने दोन वेगळे निर्णय नव्हते.

सामान्य गृहस्थास हीच पद्धत अल्प खर्चात अवलंबिता येते. सुमारे दोन फूट लांब-रुंद फळीवर रंग लावून ती सकाळी, दुपारी व प्रत्यक्ष वापरावयाच्या दिव्याखाली पाहावी; नमुन्याहून एक छटा फिकी निवडावी; चारही भिंतींऐवजी एका भिंतीपासून आरंभ करावा; वाचन व स्वयंपाकासाठी स्वतंत्र दिवा ठेवावा आणि जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा उठून दिसतील असे पाहावे. भाडेकरूस भिंत रंगविण्याची मुभा नसेल, तर दिव्याची छटा, पडदे व कापडी आवरणे यांद्वारे प्रकाशालाच रंग देता येतो.

पांढऱ्या भिंतीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. अपुऱ्या उजेडाच्या खोलीत ती सर्वांत किफायतशीर ठरते. परंतु ती निवड विचारपूर्वक केलेली असावी, पूर्वीच्या फसलेल्या रंगाच्या धास्तीने नव्हे. घर हे राहणाऱ्याचे असते, आणि आयुष्याचा मोठा भाग ज्या भिंतींच्या सहवासात जातो, त्यांचा रंग पुढील खरेदीदाराच्या पसंतीवर सोपविणे हेच अधिक विक्षिप्त म्हणावे लागेल.