नांदेड–लातूर: एसीचे १००, खिडकीचे ३७

नांदेड ते लातूर, लोहा-अहमदपूरमार्गे, सुमारे १४० किलोमीटर. लहान पेट्रोल कारला ताशी ८० च्या वेगाने पावणेदोन तास आणि २० च्या अ‍ॅव्हरेजने ७ लिटर लागतात. एसी लावला तर त्यावर ०.९५ लिटर चढते, म्हणजे १४ टक्के. काचा उघड्या ठेवल्या तर ०.३५ लिटर, ५ टक्के. लिटरला १०५ रुपये धरल्यास एसीचे १०० रुपये, काचांचे ३७.

हा हिशेब कागदावरचा आहे. त्यात एसीचा सरासरी भार १.२ किलोवॅट, उघड्या काचांमुळे हवेच्या विरोधात १० टक्के वाढ आणि पेट्रोलमधली २५ टक्के ऊर्जा कामी येते असे धरले आहे. एसीचा भार वेगाने फारसा बदलत नाही. हवेचा बदलतो: वेग दुप्पट तर लागणारी शक्ती आठपट. काचांचा भार ८० ला ०.४४ किलोवॅट, १०० ला ०.८६, एसीशी बरोबरी ११२ च्या आसपास. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत चौपदरी रस्त्यावर कारची कमाल मर्यादा १०० होती. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या २०१३ च्या चाचणीतही बहुतेक वेगांवर एसीच महाग ठरला.

मग ‘एसीने काही फरक पडत नाही’ असे छातीठोक सांगणारे इतके का भेटतात? उत्तर बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे. लातूर नांदेडपेक्षा २०० मीटरहून जास्त उंचावर आहे. माणसांसह ११०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला ०.२७ लिटर जादा लागते. उतरताना जास्तीत जास्त तेवढेच वाचते. जाताना काचा उघड्या: ०.६२ लिटर. येताना एसी: ०.६८. फरक सहा रुपयांचा! हाच प्रयोग लातूरकराने केला, तर त्याचे आकडे ०.०८ आणि १.२२ येतील. दोघेही खरे बोलतील, दोघांचेही निष्कर्ष चुकतील.

कंपनीचा आकडाही इथे उपयोगाचा नाही. भारतीय चाचणी-चक्रात एसी बंद असतो आणि वेग ९० च्या वर जात नाही.

मे महिन्यात पारा ४२ वर असताना ६३ रुपयांसाठी काचा उघडू नयेत. आत येणारी हवा अंगापेक्षा गरम असते. दिवाळीनंतर मात्र ती बचत निखळ आहे. पडताळायचे असेल तर दोन्ही वेळा एकाच दिशेने जा आणि टाकी त्याच पंपावर फुल करा.